रेघेच्या वर

बास्केटच्या खांबावर पुराची रेघ आहे,
एकोणीसच्या. तांबूस, बोटभर रुंद.
खांब रंगवताना आरवाडे सर तेवढी जागा सोडायला लावतात.
नवं पोरगं आलं की तिथं पाठ टेकून उभं करायचं.
डोकं रेघेच्या खाली राहिलं तर गार्ड.
वर गेलं तर, "बस रे. चहा घेणार का?"

मला चहाचं विचारलं नव्हतं.

यंदा वर जाणारं कोणीच नाही.
तेजपाल मगदूम पोलीस भरतीत लागला, सहा फूट एक इंच, सगळा खाकीत.
मुजम्मिल चाकणला कंपनीत, रात्रपाळी.
उरलो आम्ही, नुसते पळणारे.
गणपती पेठेतला हळदीवाला विचारतो,
"यंदा झोनलचं कसं काय?"
मी म्हणतो, "बघू की."
सांगलीत बघू की म्हणजे नाहीच.

मग सरांनी पेट्रोलला दोनशे दिले, स्वतःच्या पाकिटातले.
"विट्याच्या पुढं एक पोरगं आलंय. बाप गलाईवाला, सेलमला असतो.
कोल्हापूरवाले गुरुवारी जाणारेत.
तू बुधवारी जा."

तासगाव ओलांडेपर्यंत बेदाण्याचा वास, पुढं माळ.
गावाच्या कमानीवर कोरलेलं,
सौजन्य गलाई बांधव, सेलम, मदुराई, विजयवाडा.
कमानीखाली एक म्हैस, तिचं कुठंच सौजन्य नाही.

पोराचं नाव सरवण. सरवण हसबे.
तिकडच्या नर्सनं ठेवलं, आईला आवडलं, राहिलं.
शब्द आपले, चाल तिकडची.
बापाच्या छातीत तेजाबाचा धूर बसला,
डॉक्टर म्हणाला गावाकडं न्या,
म्हणून आले सगळे, एक कुकर आणि एक बॉल घेऊन.

शाळेच्या ग्राउंडवर रिंग होती, जाळी नव्हती.
चार बारकी पोरं आणि हा.
मला वाटलं, रिंगखाली जाऊन उभा राहील.
तो उभा राहिला माझ्या जागेवर.

बॉल टप्पा, टप्पा, मान डावीकडं,
आणि पास गेला उजवीकडं, आठवीतल्या एका अनवाणी पोराला,
पोरगं तिथं नव्हतंच अजून,
एका पावलानंतर असणार होतं.
असा पास मला तीन वर्षांत दोनदा जमला.
एकदा चुकून.

मी सगळं खरं सांगितलं.
कोल्हापुरात हॉस्टेल, मेस, बूट.
आमच्याकडं सरांच्या घरावरची खोली, पत्र्याची,
अर्धी फी, प्रॅक्टिस झाली की भडंग,
आणि गेल्या वर्षी इचलकरंजीकडून दोन पॉइंटांनी हरलेलो आम्ही.
खांबावरची रेघही सांगितली.
तो म्हणाला, "अण्णा, तेवढं पाणी होतं तेव्हा तुम्ही कुठं?"
मिरजेत, म्हटलं. एका शाळेत, बाकावर झोपायचो.
काय करायचं दिवसभर?
तिथं ग्राउंडवर रिंग होती.

परत येताना रस्त्याकडेला गाडी लावून सरांना फोन केला.
"उंची?"
"सहा दोन. चपलेशिवाय."
"खाली खेळंल ना?"

हो म्हणालो असतो तरी खोटं नव्हतं.
खेळला असता. रिबाउंड काढले असते.
मी माझ्या जागेवरून त्याला वर बॉल दिला असता,
आणि सगळ्या झोनमध्ये
कुणालाच काही कळलं नसतं.

"खेळंल, सर. पण वाया जाईल."
सर बराच वेळ गप्प.
"मग तू?"
डाळिंबाचा टेम्पो चालला होता शेजारून.
ऐकू आलं नाही, असं म्हणालो.

त्यानं सही केलेली नाही. आईला विचारून सांगतो म्हणाला.
गुरुवारी कोल्हापूरची जीप गेली, हे खरं आहे.
उद्या सोमवार, सहाला ट्रायल.

चार नंबरची जर्सी मी धुऊन वाळत घातलीय.
घोटा सुजला होता तेव्हाची हळद खालच्या काठाला लागलेली,
ती निघत नाही.
मापाला त्याला आखूडच होणार.